मोडेन, पण सांगेन!

पाण्याची नवी बाटली उघडताना बुचाखालून ‘कट्‌ कट्‌ कट्‌’ असा आवाज येतो. तो आला नाही, तर आपण बाटली तशीच परत करतो आणि दुकानदारही फारशी हुज्जत घालत नाही. पाणी आपण चाखलेलं नसतं, तपासलेलं नसतं, ते कुठल्या कारखान्यातून आलं हेही वाचलेलं नसतं. तरी एका पातळ प्लॅस्टिकच्या कड्याने दिलेली साक्ष दोघांनाही मान्य असते! न्यायालयात साक्षीदार इतक्या सहज मानला जात नाही.

ते कडं एकदा डोळ्यांजवळ धरून पाहा. बूच निघाल्यावर बाटलीच्या गळ्यात अडकून राहतं ते. त्याच्या वरच्या काठावर ठरावीक अंतराने बारीक टोकं दिसतील, नखाला खरखरीत लागतील अशी. उघडण्यापूर्वी ही टोकं म्हणजे पूल होते. बूच आणि कडं एकमेकांना त्यांनीच धरून ठेवलं होतं. आता कड्याच्या आतून बोट फिरवा. आत आणि वर वळलेली एक झालर हाताला लागेल. बाटलीच्या गळ्यावर आट्यांच्या खाली एक गोल उंचवटा असतो. बूच फिरवलं की ते आट्यांवरून वर चढू लागतं, कडंही त्याच्यामागे निघतं. पण झालरीची टोकं उंचवट्याच्या पोटाला जाऊन टेकतात आणि कडं तिथेच अडतं. बूच वर चाललंय, कडं खाली रुतून बसलंय, मधले पूल ताणले जातायत, आणि एकामागून एक तुटतायत.

इथवर समजलं. पण मग हेच कडं कारखान्यात त्याच उंचवट्यावरून खाली उतरलं कसं? तेव्हा पूल का तुटले नाहीत? बाटल्या भरणारी यंत्रं तासाला हजारो बुचं दाबून, फिरवून बसवतात. तिथे कुणी हळुवार हाताने ते सांभाळत नसतं.

उत्तर इतकं साधं आहे की ऐकून हसू येतं. बूच आणि कडं यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. बूच वरून दाबलं की फट मिटते, काठ काठाला भिडतो आणि सगळा जोर थेट कड्यावर जातो. पुलांच्या वाट्याला काही येतच नाही. झालरही खाली जाताना भिंतीला चिकटून आडवी होते आणि उंचवटा ओलांडला की पुन्हा उभी राहते. उघडताना मात्र फट रुंदावते आणि सगळा ताण त्या बिचाऱ्या पुलांवर येतो. दिवाळीनंतर माळावरून चालताना कपड्यात गवताचं कुसळ शिरतं, ते पुढे सरकत जातं, मागे ओढलं की हटून बसतं. तोच हा स्वभाव. निसर्गाने बी पसरवायला वापरलेली युक्ती माणसाने विश्वास टिकवायला वापरली.

शिवाय सोड्याच्या बाटलीत आणखी एक अट असते: आतला वायू सुटण्याआधी पूल तुटले पाहिजेत. नाहीतर बूच थोडं सैल करून, आत काहीतरी करून, पुन्हा घट्ट करता येईल आणि कडं गप्प राहील. म्हणजे आट्यांचा चढ, पुलांची लांबी आणि झाकणाच्या आतल्या पकडीची उंची, या तिघांचं वेळापत्रक जुळवावं लागतं, तेही बूच जेमतेम वळतं तेवढ्या अवधीत! आणि आता यात नवी भर पडली आहे. ३ जुलै २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्यांचं बूच उघडल्यावरही बाटलीलाच लटकून राहिलं पाहिजे असा नियम लागू झाला, बुचांचा कचरा समुद्रकिनाऱ्यावर जाऊ नये म्हणून. त्यामुळे तिथल्या बुचात काही पूल नक्की तुटणारे आणि एखादा पट्टा काही केल्या न तुटणारा, असं दोन्ही एकत्र साधावं लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? ते कडं कुणाला अडवतं का? अजिबात नाही. पाच वर्षांचं पोरही ते तोडू शकतं. कुलूप आणि सील यांतला फरक इथे आहे. कुलूप चोराशी झुंजतं. सील झुंजत नाही. त्याला फक्त एकच गोष्ट यायला हवी: एकदा तुटल्यावर पुन्हा, कुणाच्याही हातून, पहिल्यासारखं न होणं.

ही गरज जगाला फार क्रूरपणे कळली. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकेत शिकागो शहराच्या परिसरात सात जण टायलेनॉल ही अंगदुखीवरची साधी कॅप्सूल घेऊन मरण पावले. कुणीतरी दुकानांतल्या बाटल्या उघडून कॅप्सुलांमध्ये सायनाइड भरलं होतं आणि बाटल्या पुन्हा फळीवर ठेवल्या होत्या. कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या. त्या खुनांचा गुन्हा आजवर कुणावरही सिद्ध झालेला नाही. बाटल्यांना झाकण होतं. मात्र आधी कुणी ते उघडलंय का, हे सांगणारं त्यांच्यावर काही नव्हतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नियम काढला आणि औषधाच्या बाटलीच्या तोंडावर चिकटवलेली चकती, गळ्याभोवतीचं आकसलेलं प्लॅस्टिक, तुटणारं कडं हे सगळं बघता बघता जगभर पसरलं. आज खोकल्याच्या औषधाची बाटली उघडताना आपण जे वैतागतो, त्यामागे हे सात जीव आहेत.

कल्पना मात्र प्लॅस्टिकपेक्षा किती तरी जुनी. गुजरातेत लोथलला सिंधू संस्कृतीच्या काळातलं एक कोठार उत्खननात सापडलं. तिथे मातीची लहान लहान ढेकळं मिळाली, एका बाजूला मुद्रेचा ठसा असलेली. ती उलटी केली तेव्हा पाठीवर काय दिसलं? विणलेल्या कापडाचे, दोरीचे, चटईचे ठसे! गाठोडं बांधायचं, गाठीवर ओली माती थापायची, तिच्यावर मुद्रा उमटवायची. गाठ सोडायची तर माती फोडावीच लागणार. पुढे कोठाराला आग लागली, माल जळाला, आणि त्याच आगीत ही कच्ची माती भाजून पक्की झाली. म्हणून चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका व्यापाऱ्याच्या गाठोड्याची वीण आपल्याला आज मोजता येते.

मातीच्या जोडीला लाख आली, शिसंही आलं. रिक्षाच्या मीटरला, वजनकाट्याला, पेट्रोल पंपाच्या यंत्राला तारेत ओवलेला शिशाचा मणी तुम्ही पाहिला असेल. पकडीने दाबला की त्यावर खूण उमटते. शिसं मऊ असतं म्हणून सोयीचं, आणि मऊ असतं म्हणूनच गैरसोयीचं. नाजूक हाताने तो मणी पसरवता येतो, तार काढता येते आणि तशीच पकड मिळाली तर पुन्हा दाबताही येतो. शिशाला आठवण राहत नाही.

प्लॅस्टिकला राहते. हा या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत भारावून टाकणारा भाग आहे.

रंगीत प्लॅस्टिकचा एखादा डबा वाकवून पाहा. जिथे वाकला तिथे पांढरट रेघ उमटते आणि सरळ केल्यावरही जात नाही. काय होतं तिथे? पॉलिप्रॉपिलीनसारखं प्लॅस्टिक मर्यादेपलीकडे ताणलं की त्याच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य पोकळ्या तयार होतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. रंग उडालेला नसतो. आतली रचनाच बदललेली असते. म्हणजे सीलला कुणी वाकवायचा, उचकटायचा नुसता प्रयत्न केला, ते तुटलं नाही तरी, पदार्थ स्वतःच बोट दाखवतो. म्हणून लाल, निळी, हिरवी अशी गडद रंगांची सीलं नुसती शोभेची नसतात. पांढऱ्या सीलवर पांढरा डाग कुणाला दिसणार?

आता स्वतः एक सील रचायचं आहे असं समजा. कुठून सुरुवात कराल?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केबल टाय येईल, तारांची जुडी बांधायचा तो नायलॉनचा दातेरी पट्टा. थॉमस अँड बेट्स या अमेरिकी कंपनीतल्या मॉरस लोगन यांनी तो १९५८ मध्ये आणला, विमानांच्या वायरिंगमध्ये मैलोन्‌मैल तारा दोऱ्याने बांधताना कामगारांची बोटं सोलवटून निघत म्हणून. पट्टा डोक्यातून ओवला की आतली छोटी खिट्टी दातांवरून टकटक उड्या मारत जाते आणि उलट ओढलं की दातात रुतते. पुन्हा आपलं कुसळच! आज ट्रकच्या मागच्या दाराला, विमानातल्या जेवणाच्या ट्रॉलीला, बँकेच्या रोख रकमेच्या पिशवीला जी ओढून घट्ट करायची प्लॅस्टिकची सीलं दिसतात, ती याच घराण्यातली.

पण केबल टाय हे सील नव्हे. त्याची खिट्टी उघड्यावर असते. एखादी पातळ पत्री तिच्या आणि दातांच्या मध्ये सारली की पट्टा सुळकन निघतो, काही मागमूस न ठेवता. तर मग खिट्टी बंद खोलीत ठेवू या, चारी बाजूंनी भिंती, आत जायला फक्त पट्ट्याएवढी वाट. कागदावर हे चित्र काढायला एक मिनिट लागतं. ओतायला बसलात की खरी मौज सुरू होते.

प्लॅस्टिकची वस्तू पोलादी साच्यात ओततात. पोकळ खोली हवी असेल तर साच्यात त्या पोकळीच्या आकाराचा पोलादी ठोकळा ठेवावा लागतो आणि भोवतीने वितळलेलं प्लॅस्टिक भरावं लागतं. ते थंड झालं की ठोकळा बाहेर काढायचा. कुठून? त्याला वाट हवीच. म्हणून ओतलेल्या प्रत्येक खोलीला एक तोंड राहतं, आणि पोलादाला बाहेर पडायला जी वाट ठेवली, तीच चोराच्या हत्याराला आत जायला मिळते! सील रचणाऱ्याची निम्मी बुद्धी या एका तोंडाशी झगडण्यात खर्च होते. एक उपाय म्हणजे खोली दोन भागांत ओतायची, आत खिट्टी बसवायची आणि झाकण अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने जोडायचं. यंत्र झाकणाला सेकंदाला सुमारे वीस हजार वेळा थरथरवतं, कडा घर्षणाने वितळतात, आणि सेकंदभरात दोन तुकड्यांचा एक जीव होतो. सांधा असा साधायचा की उचकटणाऱ्याला सांधा सापडूच नये. त्याने जोर केला तर शेजारची भिंत फाटावी, पांढरी पडावी, तिचे तुकडे व्हावेत.

चोर मग उष्णतेकडे वळतो. प्लॅस्टिक तापवलं की नरम पडतं, खिट्टी ढिली होते, पट्टा मागे सरकतो. यावर उत्तर म्हणून कित्येक सीलांच्या आत स्टेनलेस स्टीलची लहानशी दातेरी पत्री बसवतात. बाहेरचा सारा देह प्लॅस्टिकचा, जबडा तेवढा पोलादी. आच दिली की आधी देह वितळतो, जबडा जागचा हलत नाही, आणि वितळलेला देह लपवणार कुठे?

पट्टा कशाचा करायचा, हाही सोपा प्रश्न नाही. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि चिवट, पण शून्य अंशाच्या आसपास ते ठिसूळ होतं. हिवाळ्यात डोंगराळ मुलखात चढणाऱ्या ट्रकचं सील नुसत्या हादऱ्याने तुटलं तर? नायलॉन अधिक भक्कम, पण ते हवेतली ओल पितं. ओल प्यालेलं नायलॉन लवचीक असतं, कोरडं पडलं की कडक आणि ठिसूळ होतं. कोकणातल्या आषाढात गुण्यागोविंदाने नांदणारं सील राजस्थानच्या कोरड्या हवेत वाकवताना मोडू शकतं. उन्हाचा प्रश्न आणखी वेगळा. आणि आपोआप तुटणारं सील हे न तुटणाऱ्या सीलइतकंच घातक असतं. चार वेळा उगाच तुटलं की तपासणारा पाचव्या वेळी खांदे उडवतो, आणि चोराला तेवढंच हवं असतं.

सगळ्यांत नवल वाटतं ते तुटण्याच्या जोराचं. आग विझवायच्या सिलिंडरच्या पिनेला एक बारीकसं प्लॅस्टिकचं सील असतं. ते कुणी पिनेला हात लावलाय का हे सांगतं. पण आग लागली की घाबरलेल्या, थरथरत्या हाताने ओढताक्षणी ते तुटलंही पाहिजे. जरा जास्त मजबूत झालं, तर घर जळेल. दुसऱ्या टोकाला जहाजाच्या कंटेनरचं सील. न्हावा-शेवा बंदरात ज्याला ‘बॉटल सील’ म्हणतात, तो पोलादी खिळा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७७१२ मधल्या सर्वांत वरच्या वर्गात बसायचं तर त्याने १० किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाची ओढ सोसली पाहिजे. तो तोडायला मोठा बोल्ट कटरच लागतो. आपली निव्वळ प्लॅस्टिकची सीलं त्याच मानकात सर्वांत खालच्या वर्गात येतात, नुसती खबर देणारी म्हणून. मला त्यात कमीपणा वाटत नाही. एक टन पेलणारा खिळासुद्धा शेवटी तीच खबर देतो, फक्त जरा उशिरा.

सीलमध्ये हा अशक्तपणा आणतात कुठून? एका ठिकाणी प्लॅस्टिक मुद्दाम पातळ ठेवून. पातळ म्हणजे किती, तर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. वितळलेलं प्लॅस्टिक दोन बाजूंनी येऊन जिथे भेटतं तिथे सांध्याची रेघ राहते आणि ती रेघ कमजोर असते. म्हणून प्लॅस्टिक साच्यात कुठून सोडायचं, कुठे मिळू द्यायचं, हे नदीच्या पाण्यासारखं आधी आखावं लागतं. नको तिथे भेट झाली की सील नको तिथे तुटतं. लाखो सीलं काढल्यावर साच्याचं पोलादही कणाकणाने झिजतं, पातळ जागा जाड होत जाते, तुटण्याचा जोर वाढतो. म्हणून चांगल्या कारखान्यात दर खेपेतली काही सीलं काढून मुद्दाम ओढून तोडतात. तुटण्याची परीक्षा घेतल्याशिवाय माल बाहेर जात नाही.

आता दुसरी एक वस्तू जवळून पाहू. जिन्याखालच्या वीजमीटरला पारदर्शक, अंगठ्याच्या नखाएवढी एक डबी तारेत लटकलेली असते. शिशाची जागा आता पुष्कळ ठिकाणी तिने घेतली आहे. डबी पॉलिकार्बोनेटची, आत रंगीत फिरकी. मीटरच्या झाकणाच्या आणि स्क्रूच्या भोकांतून पीळदार तार ओवतात, तिची दोन्ही टोकं डबीतल्या भोकांतून आणि फिरकीच्या पोटातून काढतात आणि फिरकीला जोडलेला छोटा कान पिळतात. फिरकी तार स्वतःभोवती गुंडाळत घट्ट करत जाते. तिच्या कडेचे दाते डबीच्या भिंतीतल्या खाचांवरून पुढे सरकतात, मागे येत नाहीत. पुरेशी घट्ट झाली की शेवटी तो कानच मोडून टाकायचा! उलट फिरवायला पकडणार काय? ज्या हाताने दार लावलं, त्या हातालाही ते आता उघडता येत नाही.

आणि ती डबी पारदर्शक का? आत पाहता यावं म्हणून. तारेचे वेढे दिसतात, फिरकीवरचा ओरखडा दिसतो, फिरकीवर आणि डबीवर कोरलेला क्रमांक एकच आहे का हेही दिसतं. लपवण्यासारखं काही नसलेली वस्तू लपवाछपवी उघडी पाडते. क्रमांकही शाईने छापत नाहीत. शाई खरवडता येते, दुसरा आकडा उमटवता येतो. लेझर प्लॅस्टिकच्या आतच बदल करतो. रंग पृष्ठभागावर बसत नाही, पदार्थच तिथे काळवंडतो किंवा फेसाळतो. आकडा बदलायचा तर सील खरवडावं लागेल, आणि खरवडलेली जागा चुगली करेलच.

इतकं सगळं केल्यावर सील अभेद्य झालं ना?

नाही. अमेरिकेत लॉस अ‍ॅलमॉस आणि नंतर अर्गॉन या राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये रॉजर जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं एकच काम केलं: सीलं हरवायची. दोनशेहून अधिक प्रकार त्यांनी तपासले, स्वस्त प्लॅस्टिकच्या पट्टीपासून महागड्या इलेक्ट्रॉनिक सीलांपर्यंत. बहुतेक सगळी, सहज मिळणाऱ्या हत्यारांनी, काही मिनिटांत हरली. महाग सीलं स्वस्तांपेक्षा फारशी सरस ठरली नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू अ‍ॅपेल यांनी न्यू जर्सी राज्यातल्या मतदान यंत्रांच्या खटल्यात हेच दाखवलं. राज्याने यंत्रांना सीलं लावली, त्यांनी ती खूण न ठेवता काढून पुन्हा लावली. राज्याने सीलं बदलली, त्यांनी तीही काढली. हे प्राध्यापक काही तिजोरीफोडे नव्हेत. सील काढायची कला त्यांनी या खटल्यापायीच शिकून घेतली होती.

निराश व्हायचं का? मला तर इथून पुढची हकीकत अधिक रंगतदार वाटते. सील पुन्हा पहिल्यासारखं करता येतं किंवा त्याच्या जागी हुबेहूब नक्कल लावता येते, म्हणजे अडचण नक्कल होण्यात आहे. मग ज्याची नक्कल खुद्द बनवणाऱ्यालाही करता येणार नाही, असं काही सीलमध्ये घातलं तर?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक अणुइंधनाच्या साठ्यांना कोब्रा नावाचं सील लावतात. त्याची दोरी म्हणजे प्लॅस्टिकच्या अनेक प्रकाशतंतूंची जुडी. दोरी वेटोळं करून डबीत बसवली आणि डबी मिटली की आतलं पातं जुडीतले काही तंतू कापतं. कुठले? ते कुणालाच ठाऊक नसतं, ना बनवणाऱ्याला ना लावणाऱ्याला. मग एका टोकाने प्रकाश सोडतात. शाबूत तंतू उजळतात, कापलेले अंधारात राहतात आणि ठिपक्यांची एक नक्षी दिसते. तिचा फोटो काढून ठेवायचा. महिन्यांनी येऊन पुन्हा प्रकाश सोडायचा आणि फोटोशी ताडून पाहायचं. दोरी कापून सांधली तर तीच नक्षी पुन्हा कशी उजळणार? अंदाधुंदपणाला कामाला लावलंय इथे, आणि त्याला लाच देता येत नाही.

जॉन्स्टन यांनी तर सगळा प्रश्नच उलटा केला. नेहमीचं सील छेडछाडीचा पुरावा साठवतं, आणि चोर तो पुसतो. त्याऐवजी सीलमध्ये आरंभीच एक गुपित ठेवा, छेडछाड होताक्षणी आपोआप नष्ट होणारं. तपासणारा गुपित विचारतो. सीलला ते सांगता आलं तर सगळं ठीक. चोराने पुसायचं काय? पुसण्यासारखं काही उरतच नाही. त्याला आता नाहीसं झालेलं गुपित पुन्हा निर्माण करायचंय, जे त्याने कधी पाहिलेलंच नाही.

तरीही जॉन्स्टन यांचं सगळ्यांत ठाम म्हणणं वस्तूविषयी नव्हतंच. सील जितकं चांगलं, तितकीच ते हाताळायची शिस्त चांगली हवी. कुठला क्रमांक कुठे लावला याची नोंद, न वापरलेल्या सीलांचा रोख रकमेसारखा हिशेब, काढलेल्या तुकड्यांची विल्हेवाट (जुन्या तुकड्यांवरूनच नकली सील बनवणं सोपं जातं), आणि तपासणाऱ्याला काय शोधायचं याची शिकवण. कंटेनर तपासणाऱ्यांना म्हणून चार क्रिया शिकवतात: पाहा, क्रमांक ताडा, ओढून बघा, पिळून बघा. नुसता क्रमांक वाचून पुढे जाणाऱ्याला अर्धवट चिकटवलेलं सीलही फसवतं.

ही शिस्त पाहायची तर प्लॅस्टिकही लागत नाही. भारतातल्या मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवर हिरव्या कागदाचं सील लावतात, आणि ते छापलं जातं आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. कागदाची एक पट्टी, बस! पण तिच्यावर क्रमांक असतो. मतदानाच्या दिवशी सकाळी, चाचणी मतदान संपल्यावर, केंद्राध्यक्ष तिच्यावर सही करतात, हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही सही करता येते, आणि प्रतिनिधी तो क्रमांक आपल्या वहीत उतरवून घेतात. संध्याकाळी नमुना १७-सी या मतांच्या हिशेबपत्रात हाच क्रमांक भरला जातो आणि त्याची प्रत प्रतिनिधींना मिळते. एकमेकांवर विश्वास नसलेली इतकी माणसं एका कागदाच्या पट्टीची राखण करतात, आणि त्यांचा परस्परांवरचा अविश्वासच तिची ताकद बनतो. मोजणीच्या टेबलावर यंत्र आलं की आधी सीलांचा आणि क्रमांकांचा मेळ सगळ्यांना दाखवतात. निकालाचं बटण असतं त्या हिरव्या पट्टीच्या बरोबर मागे. ते दाबायचं तर पट्टीला भोक पाडावं लागतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अधिकारी ते पाडतात, आणि पडद्यावर उमेदवारांच्या मतांचे आकडे एकामागून एक येऊ लागतात.